चौदा महिने वापरलेला वोक

वोक, म्हणजे चिनी पद्धतीची रुंद कढई, घरी आला त्या दिवशी मी आधी जाडी मोजायचा व्हर्नियर काढला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. "अहो, भांडं आहे ते, कारखान्यातला जॉब नाही." पण खोक्यावर "२ मिमी कार्बन स्टील" असं ठळक छापलेलं असताना ते न मोजता सोडणं माझ्याच्यानं होत नाही. भोसरीत एका टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली, त्यातली वीसेक हीट ट्रीटमेंटच्या भट्टीपुढे. कडेला चार ठिकाणी मोजलं, १.७८ ते १.८२ भरलं. स्पिनिंग करून, म्हणजे फिरता पत्रा साच्यावर दाबून काढलेल्या भांड्याची भिंत मूळ पत्र्यापेक्षा थोडी पातळ होतेच, त्यामुळे मी ह्याला फसवणूक म्हणणार नाही. पण गिऱ्हाइकाच्या हातात पत्रा येत नाही, भांडं येतं. तेवढं लिहिणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. हाच वोक, हेच हँडल, हाच खोक्यावरचा फोटो ऑनलाइन चार वेगवेगळ्या नावांनी मिळतो आणि माल एकाच शेडमधून निघत असावा असा माझा अंदाज आहे. तेव्हा नावापेक्षा वस्तू बघा. व्यास ३४ सेंटिमीटर, बूड सपाट, त्याचा व्यास १४. एका बाजूला लांब लाकडी दांडा, समोर लोखंडी कडी. वजन किचनच्या काट्यावर १ किलो ९४० ग्रॅम. झाकण नाही. मी २,३४९ रुपये दिले.

रिटायर्ड माणसाला हे काय सुचलं, असं शेजारच्या कुलकर्ण्यांनी विचारलंच. त्याचं मूळ २००८ सालात आहे. कंपनीनं तैवानचं मशीन घेतलं आणि ट्रेनिंगला मला आणि आणखी एकाला तीन आठवडे तायचुंगला पाठवलं. मशीन टूल्सच्या धंद्यात तायचुंगचं नाव मोठं. आपल्या भोसरी-चाकणच्या शेडमधून फिरलात तर तिथली मशीनं जागोजागी दिसतील. कारखान्यामागच्या गल्लीत एक छोटं खानावळवजा दुकान होतं, बाहेर प्लास्टिकची स्टुलं, आत एकटी बाई स्वयंपाक करणारी. तिचा बर्नर चालू झाला की आमच्या भट्टीच्या ब्लोअरचा आवाज आठवायचा. गॅस कमीजास्त करायला ती हात लावायची नाही, गुडघ्यानं एक पट्टी ढकलायची. एक प्लेट भात परतायला तिला दीड मिनिटसुद्धा लागत नसे. आमचा जोडीदार साताऱ्याचा, पक्का शाकाहारी. पहिले चार दिवस त्यानं बिस्किटांवर काढले. पाचव्या दिवशी कुणीतरी त्याला 素 हे अक्षर ओळखायला शिकवलं. ते पाटीवर असलं की दुकान शाकाहारी, आणि पारंपरिक पद्धतीचं असलं तर कांदा-लसूणसुद्धा नाही. त्यानंतर तो माझ्यापेक्षा चांगलं जेवायला लागला.

तिथं कुणी "वोक" म्हणत नसे. वोक हा कँटनीज, म्हणजे दक्षिण चीनकडच्या भाषेतला शब्द. मँडरिनमध्ये, तैवानात चालते त्या चिनीत, त्याला कुओ म्हणतात. मी मात्र इथं वोकच लिहितो, नाहीतर ऑनलाइन शोधताना तुम्हाला काहीच सापडायचं नाही.

आता मुख्य काम. असला वोक आल्याआल्या गॅसवर चढवून तेल ओतू नका. गंज धरू नये म्हणून कारखान्यात त्याला एक पातळ थर दिलेला असतो. माझ्या वोकवर तो मेणचट होता. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि तारेची घासणी घेऊन तो आधी पूर्ण काढावा लागतो. मला चाळीस मिनिटं लागली आणि दोन घासण्या गेल्या. खोक्यातल्या कागदावर ह्याबद्दल एकच ओळ होती: "पहिल्या वापरापूर्वी धुवा." एवढ्यावर कुणी नुसता धुऊन भाजी टाकली, तर ती भाजी मेणबत्तीसारखी लागेल आणि दोष चायनीजला जाईल.

पुढचा भाग मात्र मी खुशीत केला. कोरडा वोक मोठ्या आचेवर ठेवला, खिडक्या उघडल्या आणि स्टूल घेऊन समोर बसलो. स्वच्छ स्टील तापत गेलं की त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो. तो जसजसा जाड होतो तसतसा रंग बदलतो. आधी गवती पिवळा, साधारण २२० अंशांना. मग तपकिरी, २५५-२६०. मग जांभळा, २८० च्या आसपास. आणि ३०० ला मोरपिशी निळा. टेंपरिंग करताना, म्हणजे कडक केलेलं स्टील ठिसूळ राहू नये म्हणून परत तापवताना, आम्ही ह्याच रंगांवर तापमान ओळखायचो. छिन्नी जांभळी झाली की काढायची, स्प्रिंग निळी होऊ द्यायची. तेच रंग आपल्या ओट्यावर, चहाच्या पातेल्याशेजारी, बुडाच्या मध्यापासून कडेकडे पसरताना बघितले आणि नोकरीची आठवण आली. बायकोला हाक मारली, "अगं, बघ निळा आला." ती म्हणाली, "वरच्या मजल्यावर वास गेलाय, त्यांचा फोन आलाय, तो घ्या."

रंगांवरून एक गोष्ट कळली जी विकणारा सांगत नाही. बूड पूर्ण निळं होऊन करडं पडायला लागलं तरी वरच्या कडेचा चार बोटांचा पट्टा पिवळाच होता. म्हणजे आपल्या घरच्या गॅसवर ह्या वोकची कड २२० च्या वर जातच नाही. तैवानमधल्या त्या बाईच्या वोकला आग कडेपर्यंत चाटत होती. भात उसळला की तेलाचे बारीक थेंब त्या ज्वाळेत भपकन पेटायचे, आणि त्या धुरकट खमंगपणाला कँटनीज लोक "वोक हे" म्हणतात, म्हणजे वोकचा श्वास. तो आपल्याकडे अर्धामुर्धाच येणार हे पहिल्याच दिवशी रंगांनी सांगून टाकलं. कडेचा तो पट्टा मी वोक तिरका धरून, फिरवत फिरवत निळा केला. हात भरून आला.

तेलाचा थर देताना चूक झाली, ती माझी स्वतःची. एका व्हिडिओत जवसाचं तेल सर्वांत उत्तम म्हणून सांगितलं होतं. कारण पटलं होतं: जवसाचं तेल वाळून कडक होतं, म्हणून तर ते वार्निशात आणि तैलरंगात वापरतात. पाच थर दिले, वोक पियानोसारखा चमकला. महिनाभरानं फ्राइड राइसमध्ये काळे कण यायला लागले. नातवानं विचारलं, "आजोबा, ही मोहरी आहे का?" पोपडे निघत होते. कडक थर ठिसूळ असतो, आणि दर वेळी स्टील तापून फुगतं, गार होऊन आकसतं. ठिसूळ थर त्याच्याबरोबर वाकत नाही, सुटतो. हे मला कळायला पाहिजे होतं. सगळं घासून काढलं आणि परत साध्या सूर्यफुलाच्या तेलावर आलो. थेंबभर तेल फडक्यावर घ्यायचं, सगळीकडे लावायचं, मग कोरड्या फडक्यानं चुकून लागलं असावं तसं पुसून टाकायचं आणि धूर येईस्तोवर तापवायचं. असं तीनदा. पुसायला कंटाळलात तर थर चिकट राहतो. बाकीचं काम रोजचा स्वयंपाक करतो. आज चौदा महिन्यांनी आतून काळा, किंचित तपकिरी झाक असलेला झालाय आणि अंडं सुटून येतं.

पहिला मोठा प्रयोग फसला. मुलगी, जावई, नातू जेवायला होते. पाच माणसांचा भात, कोबी, गाजर, फरसबी, अंडी असं सगळं एकदम टाकलं. दोन मिनिटांत वोकमध्ये पाणी सुटलं आणि फ्राइड राइसचा मसालेभात झाला, तोही बिनमसाल्याचा. जावई सभ्य आहे, त्यानं दोनदा घेतला.

रात्री मी कागदावर हिशोब मांडला. आयटीआयमध्ये शिकलेला आकडा अजून पाठ आहे: एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला ५४० कॅलरी. वोकचं नुसतं लोखंड १.७ किलो धरलं आणि ते ३०० वरून १०० अंशांवर आलं, तर त्यात साठवलेली सगळी उष्णता जेमतेम ७० ग्रॅम पाण्याची वाफ करते. सत्तर ग्रॅम. कोबीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. म्हणजे दोन मुठी कोबीनं वोकची सगळी कमाई संपवली. पुढची उष्णता खालून यायला हवी. घरचा मोठा बर्नर तासाला साधारण २०० ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे अडीच किलोवॅटच्या आसपास, त्यातली निम्मी तरी बाजूनं निघून जाते. हॉटेलची भट्टी ह्याच्या सहज दहापट असते. आपण त्या बाईच्या दीड मिनिटाची नक्कल करायला जातो आणि भाज्या उकडून बसतो.

तेव्हापासून माझा नियम: एका वेळी दोन वाट्या शिजलेला भात, दोन अंडी, मूठभर भाजी. त्याच्या वर एक चमचासुद्धा नाही. पाच माणसं असली तर तीन घाणे काढायचे, भज्यांसारखे. दोन घाण्यांच्या मध्ये वोक परत धुरावर येऊ द्यायचा. भाज्या आधी वेगळ्या परतून ताटात काढायच्या, अंडं वेगळं, भात वेगळा, शेवटच्या अर्ध्या मिनिटाला सगळे एकत्र. माणसं एकाच वेळी जेवायला बसू शकत नाहीत, ही त्याची किंमत. आमच्याकडे आता ज्याचा घाणा त्यानं आधी जेवावं अशी पद्धत पडली आहे.

भात जुन्या कोलमचा, आदल्या रात्रीचा, फ्रिजमध्ये उघडा ठेवलेला. इंद्रायणी घेऊ नका. इंद्रायणी मला वरणाबरोबर जिवापाड आवडतो, पण तो इथं गोळा होतो. सोया सॉस घेताना बाटलीची मागची बाजू वाचा. कॅरॅमल रंग आणि मीठ हेच आधी लिहिलेलं असेल तर ते सोयाबीन आंबवून केलेलं नाही. आंबवलेला चमचाभरच लागतो, आणि तो भातावर न ओतता वोकच्या तापलेल्या कडेवर सोडायचा. चर्र झालं पाहिजे.

ह्या वोकमध्ये मला सर्वांत जमलेला पदार्थ तैवानचा आहे: सान पेई ची, तीन पेल्यांची कोंबडी. तिळाचं तेल, सोया सॉस आणि तांदळाची वाइन, प्रत्येकी एक पेला म्हणून हे नाव. एवढं कुणी घालत नाही, मापाचं नाव नुसतं राहिलंय. आल्याच्या चकत्या तेलात सुरकुतेपर्यंत तळायच्या, अख्ख्या लसणाच्या पाकळ्या, लाल मिरच्या, मग हाडासकट बारीक तुकडे केलेलं चिकन. रस आटून तुकड्यांना चकाकी येईपर्यंत परतायचं. ह्यात पाणी आटवायचंच असल्यामुळे आपल्या गॅसचा कमकुवतपणा आड येत नाही. तिथलं तेल भाजलेल्या काळ्या तिळाचं, गडद. आपल्या किराणावाल्याकडचं कच्च्या तिळाचं, त्याला तो वास नसतो. मी साध्या तेलात काम करतो आणि शेवटी भाजलेल्या तिळाचं एक चमचा घालतो. वाइनच्या जागी पाणी आणि सुपारीएवढा गूळ. तायचुंगच्या बाईनं चाखलं तर ती काय म्हणेल ते मला ऐकायचं नाही.

शेवटी त्यात एका वनस्पतीची मूठभर पानं पडतात, तिला तिकडे नऊमजली मनोरा असं नाव आहे, फुलं मजल्यांसारखी एकावर एक येतात म्हणून. ती तुळशीची बहीण. घरी मी तुळशीकडे नुसतं बघितलं तर बायको म्हणाली, "वृंदावनाला हात लावायचा नाही." मग ध्यानात आलं, आपला सब्जा त्याच जातीचा आहे. फालुद्यात ज्याचं बी घालतो तो. किराणावाल्याकडून आणलेलं पाच रुपयांचं बी कुंडीत टाकलं, दीड महिन्यात पानं आली. गरम चिकनवर ती पडली आणि जो वास आला, त्यानं मला सरळ त्या प्लास्टिकच्या स्टुलावर नेऊन बसवलं.

दुसरा पदार्थ मापो टोफू. हा चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदूचा. तोंडावर देवीचे व्रण असलेल्या एका चेन नावाच्या खानावळवाल्या बाईवरून हे नाव पडलं असं सांगतात. त्यातला "मा" म्हणजे व्रण, आणि गंमत अशी की जिभेला येणाऱ्या बधिरपणाचं अक्षरही तेच. ह्याचा जीव दोन गोष्टींत: वालासारख्या मोठ्या बाकल्याच्या (ब्रॉड बीन्सच्या) बिया मिरचीबरोबर आंबवून केलेलं लाल तौपान, जे चेंगदूजवळच्या पिशियनचं नावाजलेलं आहे आणि हल्ली ऑनलाइन मिळतं, आणि सिचुआन मिरी. आपल्या गाडीवर जो शेजवान म्हणून मिळतो त्याचं नाव ह्याच सिचुआनवरून आलंय, पण त्यात ही मिरी नसते. मी तो आवडीनं खातो, तक्रार नाही.

सिचुआन मिरीचं पन्नास ग्रॅमचं पाकीट ३४० रुपये. बायकोनं एक दाणा चावून बघितला, तोंड वेडंवाकडं केलं आणि फडताळातून एक बरणी काढून माझ्यापुढे आपटली. "ह्याला तीनशे चाळीस दिलेत? ही तिरफळं नाहीत तर काय?" तिचं माहेर वेंगुर्ला. बांगड्याच्या आमटीत तिरफळ नसेल तर तिच्या लेखी ती आमटी नाही. आणि ती बरोबर होती. दोन्ही झाडं एकाच कुळातली, सख्खी चुलत भावंडं. आतलं काळं बी टाकून द्यायचं, वापरायचं ते वरचं साल, हा नियमसुद्धा कोकणात आणि चेंगदूत एकच. मी दोन आठवड्यांत दोन वेळा मापो टोफू केला, एकदा ह्या मिरीचा, एकदा तिरफळाचा. चिनी मिरीला संत्र्याच्या सालीचा वास जास्त. तिरफळ जरा रानटी, लाकडी वासाचं, आणि जीभ बधिर करण्यात तसूभरही मागे नाही. पाकीट संपल्यावर मी परत आणलं नाही.

त्या झिणझिण्यांबद्दल एक सांगायलाच हवं. लंडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली लोकांच्या ओठांना सिचुआन मिरी लावली, बोटाला यंत्रानं कंपनं दिली आणि ओठावरची थरथर बोटावरच्या थरथरीशी जुळवायला सांगितली. उत्तर आलं सुमारे ५० हर्ट्‌झ. आपल्या घरातल्या विजेची फ्रिक्वेन्सी! जन्मभर पॅनलशी खेळलेल्या माणसाला ह्यापेक्षा जास्त आनंदाची बातमी काय असणार. मी ती टूलरूमच्या ग्रुपवर टाकली. एकानं उत्तर दिलं, "मग न्यूट्रल कुठंय?"

आता तिरफळावरूनच झालेली लढाई. नोव्हेंबरात मी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो. परत आलो तर घरभर बांगड्याच्या तिखल्याचा वास, आणि तिखलं वोकमध्ये. रुंद भांडं, बांगडे मोडत नाहीत, म्हणून तिनं घेतला. तिखल्यात कोकम असतं. अर्धा तास कोकमाच्या आंबट रश्शात उकळल्यावर वोकचा सहा महिन्यांचा थर वितळून रश्शात गेला होता. रस्सा काळपट, चवीला खिळा चोखल्यासारखा, आणि वोक बुडाशी नव्या नाण्यासारखा पांढरा. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तुमच्या कढईनं माझं तिखलं बाटवलं." दोन्ही बाजूंचं नुकसान सारखंच असल्यामुळे प्रकरण तिथंच मिटलं. चिंच, कोकम, व्हिनेगर, टोमॅटो हे सगळं ह्यात दोन-तीन मिनिटं चालतं. चीनमध्ये घराघरांत होणारं टोमॅटो-अंडं मी करतो, काही होत नाही. उकळत ठेवायचं नाही, रात्रभर तर मुळीच नाही.

तक्रारी लिहितो. पहिली, दांडा. लाकूड बरं आहे, हाताला चटका बसत नाही, पण तो एकाच स्क्रूवर धरलेला आहे आणि तिसऱ्या महिन्यात तो सैल झाला. दोन किलोचा वोक, त्यात गरम तेल, आणि दांडा हातात फिरतोय! विक्रेत्याला लिहिलं, फोटो पाठवले. "आपल्या अनुभवाबद्दल दिलगीर आहोत" असं उत्तर आलं, सोबत हसरा चेहरा. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. शेवटी मी स्क्रू काढला, खाली स्प्रिंग वॉशर टाकला आणि घट्ट केला. दीड रुपयाचा वॉशर. एवढाच कारखान्यात टाकला असता तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

दुसरी, बूड. पहिल्याच महिन्यात मी रिकामा वोक जास्त तापवला आणि सपाट बूड बाहेरच्या बाजूला फुगलं. पट्टी लावून फट मोजायचा फिलर गेज घातला, एक मिमीचा फरक. गॅसच्या जाळीवर काही बिघडत नाही. इंडक्शनवर मात्र तो भोवऱ्यासारखा फिरेल. शिवाय इंडक्शन फक्त बूड तापवतं, कडा थंडच राहतात, मग वोकचा आकार घेऊन उपयोग काय? इंडक्शनवाल्यांनी हे पैसे वाचवावेत. गोल बुडाचा घेऊ नका असंही सांगतो. आपल्या जाळीवर तो डुगडुगतो, आणि खाली रिंग ठेवली तर ज्वाळेपासून दोन बोटं लांब जातो. आधीच आच कमी, त्यात ती आणखी लांब कशाला न्यायची.

तिसरी, गंज. गणपतीत आठ दिवस वेंगुर्ल्याला होतो. जाताना वोक पुसला, पण तेलाचा हात फिरवायचा राहिला. आल्यावर आत गेरूसारखा तांबडा थर. पंधरा मिनिटांचं काम, पण पावसाळ्यात हे होणार हे धरून चाला. धुवायची पद्धत सोपी आहे: वोक गरम असतानाच गरम पाणी, साबण नाही, ब्रशनं घासायचं, परत गॅसवर ठेवून कोरडा करायचा, एक थेंब तेल. बांबूचा खास ब्रश म्हणून ४५० रुपयाला मिळतो. बायकोनं खराट्याच्या हिरांची जुडी वीतभर कापून सुतळीनं बांधून दिली. तिच्याएवढा चांगला ब्रश मला दुकानात दिसला नाही. उलथणंही घरातलं जुनं लोखंडी चालतं.

घरात लोखंडी कढई असताना हे कशाला, हा प्रश्न योग्य आहे. मी दोन्हींत तोच भात करून बघितला. आमची कढई जाड, खोल आणि अरुंद. तापायला वेळ लागतो आणि वाफ आतच कोंडते. वांग्याची भाजी तिच्यात वोकपेक्षा चांगली होते, ह्यात वाद नाही. पण कढई एका हातानं उचलून भात हवेत उडवता येत नाही, आणि उडवणं नुसता दिखावा नाही: वर गेलेला दाणा क्षणभर वाफेतून सुटतो आणि कोरडा होऊन खाली येतो. पुण्याच्या बोहरी आळीत गाडीवाल्यांसाठी गोल बुडाचे, पातळ पत्र्याचे वोक ह्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. मी हातात घेऊन बघितले, वेल्डिंग ह्या माझ्या वोकच्या दांड्यापेक्षा मजबूत आहे. मागच्या अंगणात भट्टी लावायची सोय असेल तर तेच घ्या. आमचा दुसरा मजला, सोसायटीचे नियम, आणि वरच्यांना आधीच वासाचा राग.

पुन्हा घेतला असता का? घेतला असता, पण ३४ ऐवजी ३० चा. घरच्या बर्नरला तेवढाच झेपतो, आणि मोठा घेतला की जास्त टाकायचा मोह होतो. मुलगी तिच्या घरी घ्यायचं म्हणतेय. तिला मी सांगितलंय, खोकं उघडलंस की सगळ्यात आधी स्क्रू ड्रायव्हर घे, वॉशर मी पाठवतो.